सोमारीचा वाघ

विनोद अंगणात आला तेव्हा मुखरू चाकावर होता. चाक भरात होतं, त्यामुळे त्याला उठता येईना. त्यानं मानेनंच खाटेकडे खूण केली. पण विनोद खाटेवर टेकला नाही. सात वर्षांच्या रोशनीचा हात धरून, ओल्या माठांच्या रांगेतून जपून पाय टाकत तो पलीकडच्या मांडवात गेला. तिथं मुखरूची बायको कौतिका माती चाळत बसली होती.

"कौतिकाबाई, वाघ पाह्यजे," तो म्हणाला.

चाकावरचा माठ मुखरूच्या हातात एका अंगाला कलला. त्यानं तो दाबून पुन्हा गोळा केला आणि चाक थांबवलं.

कोणता वाघ, हे विचारायची गरज नव्हती. होळी होऊन गेल्यावर मोहफुलं वेचायला गेलेल्या सोमारीला, विनोदच्या बायकोला, वाघानं नेलं होतं. वनखात्यानं पिंजरा लावला होता. आत बांधलेली बकरी रोज चारा खाऊन जाडी होत होती; वाघ तिकडे फिरकत नव्हता. कोसमटोल्यात असं कोणी गेलं की त्या जागेवर मातीचा वाघ बसवतात. तो बसवेपर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्या खऱ्या वाघाच्याच खांद्यावर बसून फिरतो. कोण कोणत्या वाटेनं येतं ते वाघाला दाखवतो, आपल्या माणसांना नावानं हाका मारतो. मातीचा वाघ बसला, कोंबडं दिलं, की तो जीव खाली उतरतो आणि वाघोबाच्या पायाशी शांत बसतो.

"पोरगी झोपत नाई," विनोद सांगत होता. "आई हाक मारते म्हनते. माहीबी रात उघड्या डोळ्यानं जाते, बाई. लवकर करून द्या."

कौतिकानं रोशनीकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अरे, त्यायले सांग ना," कौतिका नवऱ्याकडे बोट करून म्हणाली.

"मुखरूभाऊचं चांगलंच राह्यते," विनोद घाईनं म्हणाला. "पन तुमच्या हातच्याले जीव राह्यते. सोमारीबी म्हने तसं."

मुखरूनं ओले हात मांडीला पुसले.

देवाची जनावरं घडवणं हे त्याचं काम होतं, त्याच्या बापाचं होतं. पेरणीआधी गावाला घोडे लागत, बैल लागत, ते तो चाकावर धड काढून, पाय जोडून करून देई. मागच्याच्या मागल्या पावसाळ्यात त्याला ताप आला आणि तापानं हाडं धरली. उजव्या हाताची बोटं आखडली, अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला तो वाकलाच. त्या वर्षी जनावरं कौतिकानं केली. कुंभाराची बाई चाकाला हात लावत नाही, तिनंही लावला नाही. मातीच्या वळ्या करून एकीवर एक रचत तिनं घोडे उभे केले. गावानं ते देवापुढे ठेवले आणि मग ठेवणारे तिथून हलेनात. एक घोडा मान वळवून मागं पाहत होता. एकाचा खालचा ओठ लोंबत होता, थकलेल्या जनावराचा लोंबतो तसा.

पुढच्या वर्षी मुखरूचा हात बराच मोकळा झाला होता. माठ, गाडगी तो पहिल्यासारखी काढू लागला. पण जनावरं मागायला येणारे लोक अंगणातून सरळ मांडवात जात. त्यांना वाटे, मुखरूला बरंच वाटत असेल, घरातल्या घरात काम वाटलं गेलं.

त्याच दुपारी कौतिकानं वाघाची माती भिजवली. राख मिसळली, बारीक भुसा मिसळला. मुखरू माठ चोपत होता. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापीनं ठोकायचं. ठोकता ठोकता त्याची नजर मांडवात जाई.

विनोद रोज येऊ लागला. ऊन उतरलं की यायचा, मांडवाच्या खांबाला पाठ लावून बसायचा. कौतिका त्याला विचारायची.

"घरातून निंगाली तवा काय बोलली होती?"

"शिळ्या भाकरीचे कुटके तापव म्हने. मी येतोच म्हने."

"कशी चाले रे ती?"

"डावा पाय जरासा उचलून टाके. लहानपनी काटा मोडला होता."

ती ऐकायची, हात चालूच असायचे. वळी फिरवायची, बोट पाण्यात बुडवायची, सांधा पुसायची. मुखरूला तिचा हा आवाज ठाऊक नव्हता. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात त्याच्याशी ती चूल, सरपण, लेकीचं सासर याबद्दल बोलली होती. असं हळू, असं मान तिरपी करून त्याला कधी काही विचारलं नव्हतं. त्यानं तरी तिला काय विचारलं होतं, हे त्याच्या मनात आलं नाही.

"त्या पोराले रोज काऊन बसवून ठेवतेस?" एकदा भाकर खाताना तो म्हणाला. "लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. त्याची बायको मेली हाय."

"वाघ बनवतेस का त्याच्या बायकोले बनवतेस?"

कौतिकाचा हात ताटावर थांबला. "तुमाले काय झालं वो?"

"काई नाई."

वाघ उभा राहिला. गुडघ्याएवढा होता. तोंड उघडलेलं नव्हतं, दात दिसत नव्हते. पुढचा डावा पाय जरासा उचललेला, कान मागं गेलेले, आणि चेहरा असा की जंगलातून बाहेर येऊन वस्तीच्या तोंडाशी तो थबकला आहे, पुढं यावं की न यावं ठरवतो आहे. शेजारच्या बायका पाहायला आल्या. एकीनं हात जोडले, अजून रंग नाही, भाजणी नाही, तरी जोडले.

मुखरूनं त्या दिवशी सगळे माठ हातावेगळे केले, आणि घर रिकामं पाहून चाकावर एक धड काढलं. पाय लावले, डोकं लावलं. वाकडा अंगठा नेमका गालाच्या खळगीत अडायचा. पहिल्यानं डुकराचं तोंड झालं, ते मोडून केलं तर कुत्र्याचं झालं. पायांचा आवाज आला तेव्हा त्यानं दोन्ही तळव्यांनी ते चेपलं आणि मातीच्या ढिगात टाकून दिलं.

"काय करत होते?" कौतिकानं विचारलं.

"माती वाया गेली. खडा होता."

भाजणीचा आवा लावायचा दिवस आला. परसात खळगा होता, त्यात खाली गोवऱ्या, वर माठ, वर लाकडं आणि भाताचं तणस असा तो रचायचा. कौतिका एकेक भांडं उचलून देई, मुखरू खळग्यात उतरून लावी. शेवटी तिनं वाघ दोन्ही हातांवर आणला, तान्हं पोर आणावं तसा.

"मधात ठेवा. झळ सावकाश लागू द्या. गोवऱ्या कमी पडतीन, मी घेऊन येतो."

ती गेली. मुखरूनं वाघ आडवा केला. आतून तो पोकळ होता, पोटाखाली बोट जाईल एवढं भोक ठेवलेलं होतं. कुंभाराच्या पोरालाही कळतं ते. आतली वाफ तिथून निघते. भोक नसेल तर जनावर आव्यात फुटतं. मुखरूनं आधी घराकडे पाहिलं, मग शेजारच्या कुंपणाकडे. घमेल्यातली ओली माती चिमटीत घेऊन त्यानं भोक बुजवलं, वाकड्या अंगठ्यानं दाबलं. मग वाघ मधात न ठेवता अगदी खाली, जिथं जाळ आधी पोचतो तिथं, पोट खाली करून ठेवला. हातून घडून गेलं असं त्याला पुढं कधी म्हणता आलं नसतं. दोन्ही बाजूंना पाहून त्यानं ते केलं होतं.

दिवस मावळताना आवा पेटला. थोड्या वेळानं तणसाखाली धप्प आवाज झाला आणि राखेचा फुफाटा वर उडाला.

"काई फुटलं," कौतिका उठून उभी राहिली.

"माठ असन एखादा."

ती बराच वेळ उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोद, त्याची म्हातारी आई, रोशनी आणि सोमाजी पुजारी आले. सोमाजीच्या काखेत कोंबडं होतं. मुखरूनं लाकडी दांड्यानं राख बाजूला केली. माठ निघाले, लाल, टणटणीत. त्यातले दोन-तीन तडकलेले होते. मग वाघाचं डोकं निघालं, एका कानाचं. मग पाय. मग नुसत्या खापऱ्या.

कोंबडं काखेत फडफडलं.

"देवानं नाई म्हनलं," सोमाजी म्हणाला.

"असं कसं नाई म्हनलं?" विनोद खाली बसला. "मंग सोमारीनं जावं कुठी?"

"मी पयलेच सांगनार होतो. देवाचं काम बाईच्या हातानं कराचं नाई. बाईची घडी सारखी राह्यत नाई."

विनोदच्या आईनं कौतिकाकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोनत्या दिवसात बनवलं होतं वो?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. "बाहेरची तर नव्हतीस?"

कौतिकाचा चेहरा तांबडा झाला. तिची पाळी गेल्याला दोन वर्षं झाली होती. हे घरात तिला आणि मुखरूला ठाऊक होतं, आणखी कोणाला नाही. परक्या पुरुषांसमोर हे तोंडानं कसं सांगायचं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मुखरू दांड्यानं राख ओढत राहिला. खाली काही उरलं नव्हतं तरी ओढत राहिला.

"मुखरू, आता तूच करून दे गा," सोमाजी म्हणाला. "आन बाईले मातीले हात लावू देऊ नोको."

ते गेल्यावर कौतिकानं पाटी आणली आणि खापऱ्या वेचू लागली. पोटाचा तुकडा हातात आला तेव्हा ती थांबली. तिनं तो उलटा केला. त्यावरची राख फुंकली. मुखरू माठ मोजल्यासारखं करत तिच्याकडे पाहत होता. तिनं तुकडा पाटीत टाकला आणि पुढची खापर उचलली.

दुपारी तिनं त्याला रोजच्यासारखं वाढलं. आंबील दिली, कांदा फोडून दिला.

मुखरूला हवं होतं ते मिळालं होतं. आता येणारे लोक चाकापाशी थांबत, "कवा होईन, भाऊ?" विचारत. तो बसे, धड काढी, मोडी. मांडव रिकामा होता. कौतिका दूर विहिरीकडे जाई, सरपणाला जाई, मातीपासून हातभर अंतर ठेवून चाले. वाटेत बायका तिला पाहून घागर दुसऱ्या बाजूला घेत. ते त्याला सांगितलं शेजारणीनं, कौतिकानं नाही.

माती चांगली नाही, म्हणून वाघ साधत नाही, असं मनाशी ठरवून तो एका दुपारी गावाबाहेरच्या तळ्यावर, बोडीवर, नवी माती आणायला गेला. बोडी आटली होती, काठाला भेगा पडल्या होत्या. पलीकडे जंगल सुरू होत होतं. कुदळ टेकवून त्यानं घाम पुसला, तेव्हा पलीकडे, सोमारीला नेलं त्या मोहाखाली काहीतरी लाल दिसलं.

रोशनी होती. अनवाणी, मोहाच्या बुंध्याला टेकून, जंगलाकडे तोंड करून बसलेली.

मुखरूच्या हातातली कुदळ गळली. तो भेगांवरून धावला. "अवो, इथी काऊन आलीस? कोनासंग आलीस?"

"एकटीच."

"कायले?"

"आईले सांगाले." पोरगी हळू बोलत होती, कोणाची झोप मोडेल असं. "वाघ फुटला म्हनून सांगाले. तिले वाटत असन, आपल्याले उतराचं हाय. कुठी उतरन ती? वाघ तर फुटला."

पानं वाजली. वारा होता की काय होतं, मुखरूनं पाहिलं नाही. त्यानं पोरीला उचललं. तिचे तळवे भाजून लाल झाले होते. त्यानं तिला खांद्यावर बसवलं आणि बोडीच्या काठानं चालू लागला. तिनं दोन्ही हातांनी त्याचं कपाळ धरलं होतं. तिच्या टाचा त्याच्या छातीवर आपटत होत्या. एवढीशी पोरगी, पण गाव येईपर्यंत ती त्याला जड जड होत गेली.

विनोदच्या दारात गर्दी होती. पोरीला शोधायला माणसं निघायच्या बेतात होती. म्हातारी ऊर बडवत होती. मुखरूनं रोशनीला तिच्या पुढ्यात उतरवलं आणि तिथंच उभ्यानं म्हणाला, "वाघ मी फोडला."

"काय?" सोमाजी पुढं झाला.

"पोटाचं भोक म्या बुजवलं. तिची काई चूक नाई. तिचं आंग दोन सालापासून बंद हाय. म्याच बुजवलं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग सोमाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बायकोची बाजू घ्याव मानसानं. पन देवाच्या कामात खोटं नोको बोलू, मुखरू."

"खोटं नाई! खरंच सांगून राह्यलो!"

"असा नवरा भेटाले नशीब लागते," विनोदची आई डोळे पुसत म्हणाली. "पोरगी आनून देल्ली, आन वरतून बायकोचं पाप आपल्यावर घेते."

कोणीतरी त्याला पाणी आणून दिलं. तो ओरडला, तेव्हा त्याला ऊन लागलं असेल म्हणून सावलीत बसवू लागले. तो हात झिडकारून घरी आला.

कौतिका उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"सांगितलं मी," तो म्हणाला. "सगळ्यायले सांगितलं. कोनी मानत नाई."

ती निवडत राहिली.

"तुले मालूम होतं?"

"खापर पाह्यली ना मी. तुमचा अंगठा हाय तिच्यावर."

"मंग तवाच काऊन नाई दाखवलं?"

कौतिकानं सूप खाली ठेवलं. "मले पाहाचं होतं, किती दिवस गप राह्यता ते." तिचा आवाज चढला नाही. "ती म्हातारी सगळ्यासमोर मले इचारत होती, तवा तुमी राख ओढत होते. मी तुमच्याकडे पाहून राह्यली होती."

"मले..." मुखरू म्हणाला. "लोक अंगनातून येत आन सरळ तुह्याकडे जात. मी चाकावर बसून राहो. मी जसा काई घरात नाईच."

"मी बावीस वर्सं माती तुडवली. तुमच्या माठाले लोक चांगलं म्हनत. मले कोनी पाह्यलं होतं का?"

तो उठला. कोपऱ्यातल्या पाटीत हात घालून त्यानं पोटाची खापर शोधली. बुजवलेल्या जागी बाहेर वळलेल्या अंगठ्याची आखूड, तिरपी खूण भाजून पक्की झाली होती. ती घेऊन तो पुन्हा विनोदच्या घरी गेला आणि खापर त्याच्या हातात दिली. मग शेजारी आपला अंगठा धरला.

विनोदनं खापर पाहिली. अंगठा पाहिला. पुन्हा खापर पाहिली, आणि मग त्यानं मुखरूच्या कानशिलात मारली. मुखरू भिंतीला जाऊन लागला. म्हातारी ओरडली. दुसरी बसेल म्हणून मुखरूनं डोळे मिटले, पण दुसरी बसली नाही. विनोद ओट्यावर बसून रडत होता.

"काऊन, भाऊ? सोमारीनं तुमचं काय केलं होतं?"

"तिनं काई नाई केलं," मुखरू म्हणाला.

सोमाजी म्हणाला की आता दुसऱ्या गावच्या कुंभाराकडून आणू, हे घरच नको. विनोदनं तोंड पुसलं.

"बाईच करन."

"अरे, पन देवाले..."

"बायको माही गेली, सोमाजीभाऊ. तुमची नाई. वाघ कौतिकाबाईच करन."

कौतिका आधी नाही म्हणाली. विनोद तिच्या दारात बसून राहिला, रोशनी मांडीवर. शेवटी ती उठली, मुखरूकडे न पाहता म्हणाली, "माती तुडवून द्या."

लग्नापासून त्यानं माती तुडवली नव्हती. ते बायकांचं काम. भर सकाळी, रस्त्यावरून दिसेल अशा अंगणात त्यानं धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरला. दाढी करायला निघालेली, गुरं सोडायला निघालेली माणसं कुंपणापाशी थांबत. "पाय बरोबर पडून राह्यले ना गा?" असं एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. मुखरू टाचेनं माती दाबत राहिला. खडा लागला की वाकून काढून फेकत राहिला. पोटऱ्या भरून आल्या. कौतिका यायची, चिमूटभर माती दोन बोटांत चोळायची. "अजून," म्हणायची.

तिसऱ्यांदा तिनं "बस" म्हटलं.

या वेळी तिनं आवा स्वतः लावला. मुखरूनं नुसतं उचलून दिलं.

वाघ बसवायला गाव निघालं तेव्हा सोबत ढोल होते, कुऱ्हाडी होत्या आणि वनखात्याचा एक तरुण वनरक्षक होता. मोहाखालची जागा शेणानं सारवली होती. सोमाजीनं वाघाला शेंदूर लावला, कोंबडं दिलं. तोंडातल्या तोंडात तो बोलला ते कोणाला समजलं नाही. शेवटी सोमारीचं नाव घेतलं ते सगळ्यांनी ऐकलं. विनोदची आई खाली बसून हंबरडा फोडून रडली. सोमारी गेली त्या दिवसानंतर ती अशी पहिल्यांदाच रडत होती. रोशनी वाघाजवळ गेली. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खांद्यापासून शेपटीपर्यंत. पाठ रिकामी आहे का ते पाहत असावी.

"उतरली," ती बापाला म्हणाली.

हा वाघ पहिल्यासारखा नव्हता. हा बसला होता. पुढचे पंजे एकावर एक ठेवून, मान जरा कलती करून, कोणी आपल्याशी बोलावं आणि आपण ऐकावं असा. मुखरू मागच्या रांगेत उभा होता. त्यानं त्या मानेकडे पाहिलं. असं वळण आपल्याला हात धड असतानाही साधलं नसतं, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि छातीत तेच जुनं काहीतरी पुन्हा जळायला लागलं. ते काहीही करून विझवता येणारं नव्हतं.

वनरक्षक वाघासमोर वाकून बसला होता. "हुबेहूब हाय राव," तो म्हणाला. "आमच्या गावाकडेबी एक बसवाचा हाय. कोन बनवते हे?"

सोमाजी कोंबड्याची पिसं गोळा करत होता. कौतिका पदर डोक्यावर ओढून जंगलाकडे पाहत होती. सगळ्यांच्या माना हळूहळू मुखरूकडे वळल्या.

मुखरू पुढं झाला.

"ही," तो म्हणाला. "माही बायको. कौतिका." आणि जरा थांबून, राहवलं नाही म्हणून, "माती मी तुडवतो."

"मंग तुमच्याशीच बोलू का, भाऊ?"

"नाई," मुखरू म्हणाला. "तिले इचारा."

वनरक्षक कौतिकाच्या बाजूला गेला. परतीच्या वाटेवर ती दोघं पुढं चालत होती. तो विचारत होता, ती हातानं उंची दाखवून सांगत होती. मुखरूनं रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि त्यांचं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावरून त्यांच्या मागं चालू लागला.